प्लेगने रस्ते दिले, कोविडने काय दिलं?

५ एप्रिल २०२० च्या रविवारी खंडाळ्याच्या घाटातला अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडला. १८३० सालचा पूल. आपल्याकडे आगगाडी आली त्याच्या तेवीस वर्षं आधीपासून तो तिथे उभा होता. पुढे त्याच्यावर मलमाची मोठी जाहिरात लागली आणि पुलाला तेच नाव चिकटलं. द्रुतगती मार्ग झाल्यावर त्याचे दगडी खांब ऐन रस्त्यात यायला लागले. गाड्या तुंबायच्या, अपघात व्हायचे. तो पाडायचं घाटत होतं, पण मुंबई-पुण्याची वाहतूक बंद कोण करणार? टाळेबंदीने ती आपसूक बंद केली आणि काम उरकलं.

पूल गेल्याचं मला फारसं दुःख नाही. तो वापरात नव्हता आणि माणसांच्या जिवावर उठला होता. मला या गोष्टीत वेगळंच काही दिसतं. रस्ता रिकामा आहे म्हणजे एरवी न होणारं काम उरकायची हीच वेळ, हे सरकारला नेमकं कळलं होतं. टाळेबंदी लागून दोन आठवडेही झाले नव्हते. मग त्याच काळात मुंबईतला प्रत्येक रस्ता रिकामा पडला होता, त्याचं आपण काय केलं?

फोटो काढले, हे पहिलं उत्तर. निर्मनुष्य मरीन ड्राइव्ह, गाडी नसलेला पेडर रोड, कबुतरांच्या ताब्यातलं सीएसएमटीसमोरचं आवार. नवी मुंबईच्या खाडीतले रोहित पक्षी तर घरोघरी पोचले. शहराच्या इतिहासावर ऑनलाइन व्याख्यानांचा पाऊस पडला. निर्बंध जरा सैल झाल्यावर सायकली बाहेर निघाल्या, आणि जन्म मुंबईत गेलेली माणसं पहिल्यांदाच फोर्टातल्या इमारतींची नक्षी मान वर करून बघू लागली. मला त्याची टिंगल करायची नाही. पायी किंवा सायकलवर बघितल्याशिवाय शहर कळत नाही, हे ज्यांना त्या निमित्ताने उमगलं त्यांचं भलंच झालं. पण त्या कौतुकाचा सूर मला तेव्हाही खटकत होता. ‘मुंबई मुळात किती सुंदर आहे’ असं म्हणताना त्यात ‘माणसं नसली तर’ हे गृहीत धरलेलं होतं.

मी बँकेत नोकरीला. बँका अत्यावश्यक सेवेत मोडत, त्यामुळे लालबागहून काळबादेवीला जाणं चुकलं नाही. लोकल बंद होत्या, म्हणून बेस्टची बस, आणि परतताना कधी बस नाही मिळाली तर चालत. काळबादेवीच्या रस्त्यावर फूटपाथच्या कडेला एक काळा दगड आहे. एरवी त्याच्यावर कोणाची तरी गोणी नाही तर हातगाडीचा दांडा टेकलेला असतो. त्या दिवसांत तो एकटाच होता. पुन्हापुन्हा डांबर आणि लाद्या चढवून त्याचा बराचसा भाग जमिनीत गेलेला, वर उरलेल्या तुकड्यावर रोमन आकडा. तो मैलाचा दगड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत असे दगड बसवले आणि अंतर मोजायचं ते फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून. काळबादेवीचा हा पहिल्या मैलाचा. परळ-दादरपर्यंत त्याची भावंडं होती. काही रस्त्याच्या पोटात गेली, काही दुकानांच्या पायऱ्यांमागे दडली. आता महापालिकेने त्यातले बरेच वर काढून नीट बसवले आहेत, हे चांगलं झालं.

आता हा दगड कोणासाठी होता याचा विचार करा. घोडागाडीत बसलेल्याला आणि पायी जाणाऱ्याला वाचता येईल अशा उंचीवर तो होता. रस्त्यावरच्या खुणा एकेकाळी चालणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असत, आणि रस्ता जसा गाड्यांचा झाला तशा त्या शब्दशः गाडल्या गेल्या. हेरिटेज म्हटलं की आपण इमारतीच मोजत बसतो, येणंजाणं मोजत नाही.

याच दगडापासून थोडं पुढे गेलं की प्रिन्सेस स्ट्रीट लागते. साथ आली की शहर रस्त्यांचं काय करू शकतं, याचं उत्तर या रस्त्यात आहे, आणि त्या रस्त्याची गोष्ट मुंबईत फार थोड्यांना माहीत असते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीला प्लेगचे रोगी आढळले. निदान केलं ते मूळच्या गोव्यातल्या हडफड्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. बंदराला लागून धान्याची गोदामं, गोदामांत उंदीर, आणि वर दाटीवाटीच्या चाळी. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजारांवर होती. पुढच्या काही महिन्यांत त्यातली निम्म्याच्या आसपास माणसं शहर सोडून गेली. कोकणात, घाटावर, काठेवाडात. स्टेशनांवर उतारूंची तपासणी, संशयितांची छावणीत रवानगी, घराघरांत घुसून झडत्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला तो हाच कायदा.

डिसेंबर १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्तीत हवा खेळत नाही म्हणून रोग माजतो, या समजुतीवर ट्रस्टने शहर कापायला घेतलं. पश्चिमेच्या समुद्राचा वारा आतल्या वस्त्यांत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढली, आजचा शामलदास गांधी मार्ग. गिरगावपासून डोंगरीकडे सँडहर्स्ट रोड काढला, आजचा सरदार पटेल रोड. दादर-माटुंगा-वडाळा-शीव या भागात शेतं आणि दलदल होती, तिथे आखीवरेखीव वसाहती मांडल्या. दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी या त्याच आखणीतल्या. वारा आला की प्लेग जाईल हे शास्त्र चुकीचं होतं, प्लेग पसरवणाऱ्या उंदरांवरच्या पिसवा वाऱ्याला घाबरत नाहीत. पण रस्ते राहिले. १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली ती या बदलत्या शहरात.

या ट्रस्टला देवत्व द्यायचं कारण नाही. त्याचे बरेच सभासद नेमलेले होते, गरिबांना कोणी विचारलं नव्हतं. रस्त्यांसाठी जितक्या खोल्या पाडल्या त्या मानाने सुरुवातीच्या वर्षांत फारच थोड्या बांधल्या, आणि उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीने कोंबली गेली. जिथे बांधल्या तिथे मात्र त्या टिकल्या. मुंबईत जागोजागी दिसणाऱ्या बीआयटी चाळी या ट्रस्टच्या. परळच्या अशाच चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बावीस वर्षं राहिले. म्हणजे अन्याय झाला, चुकाही झाल्या, तरी साथ ओसरल्यावर ‘होतं तसं पुन्हा सुरू करा’ एवढ्यावर ते शहर थांबलं नाही.

आपण काय केलं? आपण एक यादी केली.

२२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूच्या रात्री लोकल थांबल्या. रोज ७५-८० लाख माणसं नेणारी गाडी बंद. १५ जूनला ती पुन्हा धावली, पण अत्यावश्यक सेवेच्या यादीत नाव असेल त्यांच्यासाठीच. मग ती यादी महिनोन्महिने वाढत गेली. बँकांचे कर्मचारी आले. वकिलांना उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. शंभर वर्षांहून जुना, लोकलच्या वेळापत्रकावरच उभा असलेला डबेवाल्यांचा धंदा, त्यांचा नंबर ऑक्टोबरमध्ये लागला. २१ ऑक्टोबरपासून सगळ्या महिलांना मुभा मिळाली, पण सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना परवानगी मिळाली, तीही सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. या वेळा ज्याने ठरवल्या त्याने नऊची ड्यूटी कधी केली नसावी. पुढे दुसरी लाट, पुन्हा बंदी, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचे दोन डोस झालेल्यांना पास.

ती यादी जपून ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं. मुंबईच्या सामाजिक इतिहासाचा इतका प्रामाणिक कागद दुसरा नसेल. शहर कोणाला मोजतं आणि कोणत्या क्रमाने मोजतं, ते त्यात सही-शिक्क्यानिशी लिहिलेलं आहे. घरकाम करणारी बाई त्यात ‘घरकाम करणारी’ म्हणून कधीच आली नाही. आली ती ‘महिला’ म्हणून, अकराच्या नंतर. तोवर नालासोपारा-विरारच्या माणसाने काय करायचं? २२ जुलै २०२० ला नालासोपाऱ्यात लोक रुळांवर उतरले ते उगाच नाही. एसटीची गाडी येत नाही, लोकलमध्ये चढू देत नाहीत, आणि मालक म्हणतो उद्यापासून ये नाही तर येऊ नको.

ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं ते चालत निघाले. मुंबई-आग्रा रस्त्याने कसाऱ्याचा घाट चढून, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर. जालन्याहून भुसावळकडे निघालेले सोळा मजूर ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली सापडले. सडकेवर पोलीस अडवतील म्हणून रुळांनी चालले होते, आणि गाड्या बंद आहेत म्हणून तिथेच टेकले होते. कोविडकाळातल्या भटकंतीचा इतिहास कोणी लिहिलाच तर सायकलींचे फोटो आणि हे चालणं एकाच पानावर यावं लागेल.

पण मुंबईचं येणंजाणं पूर्ण थांबलं नव्हतं. बेस्ट चालू होती. त्या बसमध्ये जे बघितलं त्यावरच माझा सगळा मुद्दा उभा आहे. ड्रायव्हरच्या केबिनला प्लास्टिकचा पडदा, बाकांवर एकाआड एक फुली मारलेली. चढताना ओळखपत्र दाखवायचं. आत केईएमच्या आया आणि वॉर्डबॉय, पालिकेचे सफाई कामगार, औषधांच्या दुकानातली पोरं. कंडक्टर सुटे पैसे हातात न घेता पिशवीत टाकायला लावायचा. एकदा भायखळ्याचा सिग्नल ओलांडताना तो म्हणाला, “साहेब, नोकरीत पहिल्यांदा गाडी टायमावर चाललीय.” खरंच चालली होती. एरवी ज्या अंतराला पाऊण तास, कधी तासही लागतो, ते वीसेक मिनिटांत पार व्हायचं. तीच जुनी बस, तोच ड्रायव्हर, तेच थांबे. पुढे मोटारी नव्हत्या, फरक एवढाच. बस संथ आहे, म्हणून माणूस मोटार घेतो, असं आपण ऐकत आलो. मोटारी आहेत म्हणून बस संथ आहे, हे त्या दिवसांत बेस्टच्या प्रत्येक कंडक्टरने स्वतःच्या घड्याळात पाहिलं.

बेस्टचे अनेक कर्मचारी त्या काळात कोविडने गेले. माणसं आणि गाड्या कमी पडल्या तेव्हा सांगली, सातारा, सोलापूरकडून एसटीचे चालक-वाहक मुंबईत आणले. ज्यांना दादर आणि दहिसर कुठे आहे माहीत नाही त्यांनी इथे बस हाकली, आणि कित्येक जण आजार घेऊन गावी परतले. त्यांच्यासाठी टाळ्या आणि थाळ्या वाजल्या का, आठवत नाही. रस्ता मात्र नक्कीच कोणी राखून ठेवला नाही.

माझं म्हणणं इतकंच, की तो राखून ठेवायला हवा होता. रस्ते मोकळे असताना बससाठी एक मार्गिका रंगवायची, जिथे शक्य तिथे फूटपाथ रुंद करायचे, आणि रहदारी परतेल तेव्हा ती उरलेल्या जागेत परतू द्यायची. पॅरिसने आणि बोगोटाने त्याच महिन्यांत सायकलींसाठी असं केलं, पिवळे पट्टे मारून आणि खांब उभे करून, आणि त्यातले बरेच पट्टे पुढे कायमचे झाले. मुंबईत डॉ. आंबेडकर रोड, लालबहादूर शास्त्री मार्ग, स्वामी विवेकानंद रोड यांवर तेच करता आलं असतं. एरवी अशी मार्गिका करायची म्हटलं की पहिल्याच दिवशी कोंडी होते आणि दुसऱ्या दिवशी आदेश मागे घेतला जातो. तेव्हा कोंडी व्हायला गाड्याच नव्हत्या. पूल पाडणाऱ्यांना जे सुचलं ते रस्ता आखणाऱ्यांना सुचलं नाही. मार्च २०२२ मध्ये पोलीस आयुक्तांनी रविवारी सकाळी काही रस्ते माणसांसाठी मोकळे ठेवायला सुरुवात केली. लोक पोराबाळांसह आले, स्केटिंग काय, योगासनं काय. पण रविवार सकाळचा रस्ता ही करमणूक झाली. सोमवारी साडेआठला त्याच रस्त्यावर बसथांब्याशी उभ्या असलेल्या नर्सला तिचा काय उपयोग?

यावर ‘जागा नाही’ हे उत्तर ठरलेलं आहे. मुंबईकरांनी ते पूर्वीही ऐकलं आहे. ९ मे १८७४ ला कुलाब्याहून पायधुणीला घोड्यांची ट्राम निघाली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. ती का बंद केली? हळू चालते, रस्त्याच्या मधोमध चालते, मोटारींना अडथळा होतो. रूळ उखडायचेही कष्ट घेतले नाहीत, कित्येक ठिकाणी त्यावर डांबर ओतलं. अलीकडे हुतात्मा चौकाच्या खोदकामात ते सापडले तेव्हा लोकांना कोण आनंद झाला. जुन्या डबलडेकर बसचंही तेच. १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटच्या गाडीला हार घातले, सेल्फी काढले. निरोपाला आपण हौसेने जमतो. गाडी चालू असताना तिच्या फेऱ्या कमी होतात तेव्हा मात्र डेपो मॅनेजरला दोन ओळींचा अर्ज करायलाही कोणी जात नाही. बेस्टच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांवर गाड्या होत्या. आज एकूण आकडा त्याहून बराच खाली आहे आणि त्यातल्या बहुतेक कंत्राटदारांच्या. मे २०२५ मध्ये किमान भाडं पाचावरून दहा रुपये झालं. कारण विचारलं की तोटा. दहा रुपयांच्या तिकिटाला तोट्याचा हिशेब विचारणारे सुमारे १४ हजार कोटींच्या आणि एक पैसा टोल नसलेल्या कोस्टल रोडला तो विचारत नाहीत.

मेट्रोचं काय, असं कोणी म्हणेल. मेट्रो आली हे चांगलंच झालं, आरे ते कफ परेड जमिनीखालून जाता येतं ही साधी गोष्ट नाही. पण तिची आखणी साथीच्या कितीतरी आधीची. साथीने काय शिकवलं त्याचं ते उत्तर नव्हे. शिवाय महामुंबईच्या वाहतुकीचा २००८ मध्ये आलेला मोठा अभ्यास सांगतो की निम्म्याहून थोड्या जास्त फेऱ्या माणसं पायीच करतात. घर ते स्टेशन, स्टेशन ते कचेरी. मेट्रोचं स्टेशन कितीही थंडगार असलं तरी वर आल्यावर फूटपाथवर मोटारसायकलच उभी असते.

पुण्याचा दाखला तर हमखास फेकला जातो. स्वारगेट-कात्रजला २००६ मध्ये देशातला पहिला बीआरटी मार्ग, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, झाला, काय झालं त्याचं? रडतखडत चालला, आणि नगर रस्त्यावरचा तर काढूनच टाकला. हे खरं आहे आणि ते टाळून चालणार नाही. पण तिथे मार्गिका सलग नव्हती, चौक आला की संपायची. थांबे मधोमध आणि तिथवर पोचायला धड वाट नाही. दुचाकी आत घुसल्या तर हटकणारं कोणी नाही. अहमदाबादने २००९ पासून तीच गोष्ट जरा निष्ठेने केली, तर ती चालते आहे. पुण्यातून शिकायचं ते इतकंच, की बसला अर्धवट रस्ता देऊ नये.

कोस्टल रोडच्या मूळ आराखड्यात बससाठी वेगळी मार्गिका होती. मार्च २०२४ मध्ये रस्ता खुला व्हायला लागला, बेस्टच्या काही गाड्या त्यावरून जातातही, पण मोटारींच्या गर्दीत मिसळून. ती मार्गिका मागायला हवी, आणि ती मागणी आधी रेटावी, कारण तिथे कोणाचं दुकान जात नाही, झोपडी उठत नाही, झाड तुटत नाही. ट्रस्टच्या वेळी ज्यांना कोणी विचारलं नाही त्यांनी रस्त्याची किंमत मोजली. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं महापालिकेत नगरसेवक नव्हते, बेस्ट समिती नव्हती, म्हणजे यावेळीही विचारायला जागाच नव्हती. कंत्राटं निघत राहिली, रस्ते होत राहिले. आपल्या प्रभागातून जाणाऱ्या बसला मार्गिका देणार का, हा प्रश्न मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, आणि ‘पार्किंगचं काय’ असं त्याने उलट विचारलं तर भायखळ्याच्या सिग्नलपाशी थांब्यावर रोज किती माणसं उभी असतात आणि रस्त्याकडेला किती मोटारी, ते त्याला तिथे नेऊन मोजायला लावायचं.